बीएसडब्ल्यू सोडण्याआधी ती वही पुन्हा उघड

वाचकाचं पत्र

सर, मॅडम, नमस्कार. मी पारोळा तालुक्यातल्या एका गावची. बारावी कला शाखेतून झाले आणि मैत्रिणीच्या नादाने बीएसडब्ल्यूला, म्हणजे समाजकार्याच्या पदवीला, प्रवेश घेतला. आता दुसरं सत्र चालू आहे. आठवड्यातून दोन दिवस क्षेत्रकार्याला एका आरोग्य केंद्रात जावं लागतं. तिथे आम्हा दोघींना रजिस्टरातून नावं उतरवायला बसवतात, नाहीतर केसपेपरच्या खिडकीशी. जर्नल, म्हणजे क्षेत्रकार्याच्या नोंदींची वही, लिहून दिलं की कॉलेजच्या मॅडम लाल पेनाने 'यात तू कुठे आहेस?' एवढंच लिहून परत देतात. मला त्याचा अर्थच लागत नाही. घरी वडील म्हणतात, समाजसेवा करायला डिग्री कशाला पाहिजे, आपल्या गावातले पुढारी बिनडिग्रीचेच करतात. मामा म्हणतात, साधं बीए कर आणि तलाठ्याच्या तयारीला लाग. एक वर्ष वाया गेलं तरी चालेल का? की हेच पूर्ण करू? आणि खरं सांगा, यात नोकरी लागते का?

– गोंधळलेली, पारोळा तालुका

उत्तर

मामांच्या मुद्द्यापासून सुरुवात करू, कारण तो लवकर संपतो. तलाठी, म्हणजे आता ज्याला ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, त्या भरतीला कोणत्याही शाखेची पदवी चालते. राज्यसेवेची परीक्षा, फौजदाराची परीक्षा, बँकेतली लिपिक भरती, सगळीकडे तेच. बीएसडब्ल्यू ही विद्यापीठाची पूर्ण पदवी आहे, त्यामुळे या परीक्षांसाठी ती सोडून बीए करण्यात मिळवायचं काहीच नाही; जायचं मात्र एक वर्ष. बीएच्या दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेश मिळेल असंही धरून चालू नकोस. नव्या शैक्षणिक धोरणात श्रेयांक (क्रेडिट) तुझ्या खात्यावर जमा राहतात हे खरं, पण मुख्य विषयाचे श्रेयांक जुळले पाहिजेत, आणि समाजकार्याचे श्रेयांक इतिहासाच्या किंवा मराठीच्या खात्यात बसत नाहीत. अडचण एकाच वाटेवर आहे, ती म्हणजे बी.एड. शाळेत शिकवायचा विचार मनात असेल तर पद्धती विषय, म्हणजे जो शालेय विषय शिकवायला तिथे तयार करतात तो, कोणता मिळणार हे आत्ताच विचारून घे, कारण शाळेत शिकवला जाणारा विषय पदवीला नसला की तिथे अडतं. तो विचार नसेल तर मामांना एवढं सांग की तलाठ्याची तयारी बीएसडब्ल्यू करतानाही होते. रात्री अंकगणित करायला कोणती पदवी आड येते?

आता तुझ्या पत्रातला आम्हाला सगळ्यात महत्त्वाचा वाटलेला भाग. तू सोडायचं म्हणतेस, पण जे सोडणार आहेस ते अजून तुझ्या हातात पडलेलंच नाही. या अभ्यासक्रमात वर्गातले पेपर वाचून पास होता येतं, पण शिकणं होतं ते क्षेत्रकार्यात. तुझं क्षेत्रकार्य सध्या केसपेपरच्या खिडकीशी अडकलंय. ते आधी मोकळं करू. एक सत्र नीट क्षेत्रकार्य झाल्यावरही मन लागलं नाही तर खुशाल सोड, तो निर्णय तुझ्या अनुभवावर उभा असेल. आज सोडलंस तर ते रजिस्टर उतरवण्याचा कंटाळा आला म्हणून सोडणं होईल.

मॅडमचा प्रश्न कोडं वाटतो, पण तो साधा आहे. तुझं जर्नल आम्ही पाहिलेलं नाही, तरी पहिल्या वर्षाची बहुतेक जर्नलं अशी असतात: 'आज आम्ही आरोग्य केंद्रात गेलो. तेथील कर्मचाऱ्यांशी चर्चा केली. नंतर गृहभेटी दिल्या व आरोग्याविषयी मार्गदर्शन केले. लोकांनी चांगला प्रतिसाद दिला.' यात कोणाशी बोललीस ते नाही, काय विचारलंस ते नाही, समोरचं माणूस काय म्हणालं ते नाही. तारीख बदलली तर हीच नोंद पुढच्या महिन्यातही चालेल, आणि शेजारच्या मुलीच्या वहीतही. 'मार्गदर्शन केले' आणि 'चांगला प्रतिसाद' हे दोन शब्दप्रयोग तुझ्या वहीतून आजपासून हद्दपार कर. एवढ्यानेच निम्मं जर्नल सुधारेल, कारण त्यांच्या जागी खरं काय घडलं ते लिहावं लागेल.

तीच भेट अशी लिहून बघ. (नमुना आमच्या मनचा आहे, पण असं घर तुला तुझ्या केंद्राच्या हद्दीत सापडेल.)

'सकाळी ८.१५, श्रीमती क यांचं घर. दीड वर्षाचा मुलगा, अंगणवाडीत दंडघेर ११.२ सेंमी भरला. पोषण पुनर्वसन केंद्रात दाखल करायला सांगितलं होतं, पण त्या गेल्या नाहीत. मी विचारलं, "का गेला नाहीत?" त्या गप्प झाल्या आणि भांडी घासायला लागल्या. माझा प्रश्न जाब विचारल्यासारखा झाला असं वाटलं. थोड्या वेळाने विचारलं, "तिथे किती दिवस राहावं लागेल असं सांगितलं होतं?" मग म्हणाल्या, "घर सासू शे, तिले कोन देखी?" सासू अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेली, हे मला अंगणवाडीताईंकडून कळलं नव्हतं. नवरा जिनिंगवर, रात्रपाळी. बुडीत मजुरी मिळते हे त्यांना माहीत नव्हतं. मलाही नक्की माहीत नव्हतं, म्हणून काही कबूल केलं नाही. पुढच्या भेटीआधी करायचं: बुडीत मजुरीची चौकशी आरोग्यसेविकेकडे, सासूजवळ १४ दिवस कोण थांबू शकेल, नणंद येईल का, ते विचारणं.'

आता मॅडमना तू दिसशील. चुकीचा प्रश्न विचारणारी, तो चुकला हे ओळखणारी, दुसरा प्रश्न शोधणारी आणि माहीत नसलेलं कबूल न करणारी. जर्नलमध्ये स्वतःची चूक लिहिली तर गुण जातील ही भीती काढून टाक. जर्नल तपासणाऱ्या बहुतेक शिक्षकांना चूक लपवलेली नोंद लगेच ओळखू येते, कारण तिच्यात सगळं फार सुरळीत चाललेलं असतं.

तीन गोष्टी पाळ. नोंद त्याच दिवशी रात्री लिहायची, फार तर दुसऱ्या दिवशी सकाळी. शनिवारी बसून चार दिवसांचं जर्नल उतरवलं की सगळ्या भेटी एकसारख्या होतात. भेटीत समोर वही उघडून लिहायचं नाही. बाहेर आल्यावर लहान डायरीत आठ-दहा शब्द टिपून ठेवायचे, त्यांवरून रात्री सगळं आठवतं. आणि माणूस ज्या बोलीत बोललं त्याच बोलीत त्याचं वाक्य अवतरणात ठेवायचं. तुला अहिराणी येते ही मोठी पुंजी आहे. ती 'घरी सासूबाई असल्याने अडचण आहे' अशी प्रमाण मराठीत वळवलीस की 'तिले कोन देखी' मधली काळजी निघून जाते आणि उरते ती सबब.

व्यक्ती सहाय्य कार्याच्या (केसवर्कच्या) तासाला हेलन पर्लमन यांनी १९५७ साली मांडलेली चौकट शिकवली असेल: व्यक्ती, समस्या, स्थळ, प्रक्रिया. परीक्षेत तिची व्याख्या लिहितात आणि तिथेच विसरतात. ती वरच्या नोंदीवर लावून बघ. व्यक्ती म्हणजे ती आई, तिचा थकवा आणि तिने आजवर घर कसं सांभाळलं तेही. समस्या म्हणजे फक्त मुलाचं कुपोषण नाही, घरात दुसरं सांभाळणारं माणूस नसणं ही आहे. स्थळ म्हणजे तू ज्या संस्थेतून आलीस ते आरोग्य केंद्र, त्याच्याकडे काय आहे आणि काय नाही. आणि प्रक्रिया म्हणजे तुमच्या दोघींमध्ये पुढच्या पाच-सहा भेटींत जे घडेल ते. अशी एक केस नीट झाली की पेपरातला दहा गुणांचा प्रश्न पाठ करावा लागत नाही.

दंडघेराचा आकडा आला आहे म्हणून सांगून ठेवतो: सहा महिने ते पाच वर्षं वयाच्या मुलाचा दंडघेर ११.५ सेंमीपेक्षा कमी असेल तर ते तीव्र कुपोषित धरतात, ११.५ ते १२.५ च्या मध्ये असेल तर मध्यम. पट्टीवर लाल आणि पिवळा रंग असतो. पट्टी डाव्या दंडाच्या मध्यावर लावायची, हात सैल सोडलेला हवा. तू हे मोजायचं नाहीस, ते अंगणवाडीताईंचं किंवा आरोग्यसेविकेचं काम. पण मोजताना तू शेजारी असशील आणि त्या आकड्याचा अर्थ तुला कळायला हवा.

आता तुला तिथे रजिस्टरावर का बसवतात ते. केंद्रातले लोक वाईट आहेत म्हणून नव्हे. कॉलेजचं पत्र जातं, 'विद्यार्थिनी क्षेत्रकार्यासाठी पाठवत आहोत, कृपया सहकार्य करावे.' तू काय करायचं हे त्यात कुठेच नसतं. सपाट भागात एका प्राथमिक आरोग्य केंद्राखाली साधारण तीस हजार लोकसंख्या धरतात, आदिवासी भागात वीस हजार. महिनाअखेरचे अहवाल डोक्यावर असतात आणि दारात दोन सुशिक्षित मुली उभ्या. तुमच्या हाती रजिस्टर येणारच. त्यामुळे रुसून बसण्याऐवजी सौदा कर. पहिले दोन तास आम्ही रजिस्टर करतो, त्यानंतर आशाताईंबरोबर वस्तीत जातो. हा सौदा बहुतेक ठिकाणी मान्य होतो.

शिवाय रजिस्टर उतरवताना डोळे उघडे ठेव. लसीकरणाच्या नोंदीत कोणत्या वस्तीची नावं वारंवार 'गैरहजर' आहेत? प्रसूतीच्या नोंदीत कोणत्या गावच्या बाया उशिरा नाव घालतात? जे नाव तीनदा राहून गेलंय ते घर हीच तुझी पहिली केस. अंगणवाडीत महिन्याला एकदा ग्राम आरोग्य व पोषण दिवस असतो. त्या दिवशी तिथे हजर राहा, एका सकाळी वीस घरांशी ओळख होते.

यासाठी एक पानी शिक्षण-आराखडा लागतो. तो तू स्वतः लिही, कोणी लिहून देईल याची वाट पाहू नकोस. सत्रात साधारण पंधरा आठवडे धरले तर दोन दिवसांप्रमाणे तीस दिवस होतात. सुट्ट्या, अंतर्गत परीक्षा, गॅदरिंग वजा केलं की बावीस-चोवीस उरतात. त्यांतले पहिले चार दिवस फक्त बघण्यासाठी: केंद्राची रचना, कोण काय करतं, हद्दीतली गावं, वस्तीचा हाताने काढलेला नकाशा. मग दोन केसेस, प्रत्येकी पाच-सहा भेटी. एक गट, सहा बैठका. एखादी समुदायाची बैठक. कागदावर खाली तीन सह्या: तुझी, केंद्रातल्या पर्यवेक्षकाची, कॉलेजच्या मॅडमची. दुसरं सत्र अर्ध्याहून जास्त उलटलं असेल तर केसेस एकीवर आण, पण आराखडा कर. मॅडमना आयसीच्या, म्हणजे त्यांच्यासोबतच्या वैयक्तिक चर्चेच्या, वेळी सांग की एकदा केंद्रात येऊन तिघांची बैठक घ्या. 'मला काम देत नाहीत' अशी तक्रार नेलीस तर मॅडम 'समजून घे' म्हणतील. आराखडा नेलास तर त्यांना केंद्रात बोलायला काहीतरी हातात असेल. एवढं करूनही खिडकी सुटली नाही तर केंद्र बदलून माग, तेही सत्राच्या मध्याआधी. नंतर मागितलंस तर तास भरत नाहीत, आणि क्षेत्रकार्यात बहुतेक ठिकाणी वेगळं पास व्हावं लागतं. बुडालेला दिवस भरून काढण्याचा नियम तुझ्या कॉलेजात काय आहे तोही विचारून ठेव.

गृहभेटीची वेळ हे खानदेशात वेगळंच प्रकरण आहे. अकरा ते चार ही कॉलेजची वेळ, आणि नेमकी त्याच वेळी घरं रिकामी. डिसेंबर-जानेवारीत कापसाची वेचणी, पुढे हरभरा-गव्हाची काढणी. रावेर-यावल-चोपड्याकडे केळीची कामं तर वर्षभर. बाजाराच्या दिवशी तर कोणीच भेटत नाही. म्हणून भेट सकाळी साडेनवाच्या आत किंवा संध्याकाळी पाचनंतर. मार्चनंतर तर उन्हामुळेही सकाळच बरी. त्यासाठी वेळेत बदल हवा असेल तर मॅडमची लेखी परवानगी घे, नाहीतर हजेरीत गैरहजर लागेल. जोडीने जा, कोणत्या घरी जाणार ते केंद्रात सांगून जा, अंधार पडायच्या आत परत ये. घरात पुरुष पिऊन असेल तर दारातूनच परत फिरायचं. ती भेट अर्धवट राहिली असं जर्नलमध्ये लिहिता येतं. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आसपास बऱ्याच लेकी माहेरी आलेल्या असतात, तेव्हा तुझी केस असलेली सून घरी सापडेलच असं नाही, हेही आराखड्यात धर.

गटकार्याबद्दल थोडक्यात, कारण तिथे सगळ्यांचं एकच चुकतं. रांगोळी स्पर्धा, हळदीकुंकू, पोषण आहारावर भाषण, यांना गटकार्य म्हणून जर्नलात चिकटवतात. हे कार्यक्रम आहेत. गटकार्यात तेच आठ-दहा जण ठरावीक दिवशी परत परत भेटतात आणि त्यांच्यातलं काहीतरी बदलतं: पहिल्या बैठकीत न बोलणारी मुलगी चौथ्या बैठकीत बोलते, एकीची दादागिरी कमी होते. म्हणून प्रत्येक बैठकीत कोण कुठे बसलं, कोण बोललं, कोण गप्प राहिलं हे टिप. किशोरी मुलींचा गट घ्यायचा तर आठ ते बारा मुली पुरे. पंचवीस झाल्या की शाळेचा वर्ग होतो आणि तू बाई. पहिल्या बैठकीला पंधरा आणि तिसरीला चार जणी आल्या तर घाबरू नकोस. चौघीच का उरल्या हे शोधणं हेच त्या आठवड्याचं काम.

समुदाय संघटनात नवखी मुलं हमखास स्वतः अर्ज लिहून ग्रामपंचायतीत देऊन येतात. हातपंप दुरुस्त होतो, फोटो निघतो, आणि विद्यार्थिनी गेली की पुढचा पंप बिघडलेलाच राहतो. ग्रामसभेआधी महिलांची स्वतंत्र सभा घेणं कायद्याने बंधनकारक आहे, पण ती बऱ्याच ठिकाणी कागदावरच उरकते. तीन-चार बायांना ती कधी आहे हे ग्रामपंचायतीत जाऊन विचारायला लाव. स्वतः विचारून येऊ नकोस. इथेच तुझ्या वडिलांच्या प्रश्नाचं उत्तर आहे. पुढारी बाईला दाखला काढून देतो. समाजकार्यकर्ती त्या बाईला स्वतः दाखला काढता येईल इथपर्यंत आणते. दोन्हींना वेळ लागतो, पण पहिल्यात उपकार शिल्लक राहतो. आपल्याकडे याचं मोठं उदाहरण दूर शोधायला नको. १९७० च्या दशकात शहादा तालुक्यात अंबरसिंग महाराज आणि श्रमिक संघटना यांच्याबरोबर आदिवासींनी हातून गेलेल्या जमिनींसाठी लढा दिला. तो लढा त्या माणसांनी स्वतः उभं राहून दिला. सामाजिक कृती ही पद्धत शिकवताना पाठ्यपुस्तकात परदेशातली उदाहरणं असतील, तू शहाद्याचं लिही.

वडिलांना हेही सांगता येईल की हे शिक्षण कालपरवाचं नाही. भारतातलं पहिलं समाजकार्याचं महाविद्यालय मुंबईत १९३६ मध्ये सुरू झालं, तेच आजचं टाटा समाजविज्ञान संस्था. पण वडील इतिहासाने पटतील असं वाटत नाही. त्यांना तुझी एक नीट लिहिलेली केस वाचून दाखव, नाव-गाव गाळून.

नाव-गाव गाळण्यावर जरा थांबू, कारण इथे चूक झाली तर ती गुणांपुरती राहत नाही. जर्नलात खरं नाव लिहायचं नाही. मुलांसोबतचे, रुग्णांसोबतचे फोटो व्हॉट्सॲप स्टेटसला ठेवायचे नाहीत, 'आजचं क्षेत्रकार्य' म्हणून तर अजिबात नाही. काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या किंवा कायद्याच्या कचाट्यात सापडलेल्या मुलाची ओळख उघड करायला २०१५ च्या बालन्याय कायद्याने बंदी आहे आणि शिक्षाही आहे. गुप्ततेलाही मर्यादा असते. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं तुला कळलं तर २०१२ च्या पोक्सो कायद्याप्रमाणे ते पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. 'ताई, कोणाला सांगू नका' असं समोरचं म्हणालं तरी. म्हणून 'मी कोणालाच सांगणार नाही' असं वचन भेटीत कधीच द्यायचं नाही. आधी त्याच दिवशी मॅडमना फोन, मग पुढचं त्यांच्यासोबत. ठरलेला बालविवाह कानावर आला तर गावात ग्रामसेवक, म्हणजे आता ज्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात, ते बालविवाह प्रतिबंध अधिकारी असतात, आणि १०९८ हा बालकांसाठीचा क्रमांक चोवीस तास चालतो. आणखी एक, ज्यात भली मुलं फसतात: घरची अडचण बघून पर्समधले शंभर रुपये काढून देऊ नकोस. पुढच्या भेटीत ती बाई तुझ्याशी बोलणार नाही, मागणार. आणि तिची चूक नसेल.

नोकरी. गोड बोलत नाही. बीएसडब्ल्यूनंतर लगेच मिळणाऱ्या बहुतेक जागा कंत्राटी असतात, मानधनावर, ठरावीक महिन्यांच्या करारावर, नूतनीकरणाच्या भरवशावर. जिल्हा बाल संरक्षण कक्षातली सामाजिक कार्यकर्त्याची जागा, संस्थांच्या प्रकल्पांतली क्षेत्र समन्वयकाची कामं, सर्वेक्षणाची कामं, इथे बीएसडब्ल्यू चालते आणि साध्या बीएपेक्षा पुढे धरली जाते. समुपदेशकाच्या, रुग्णालयातल्या वैद्यकीय सामाजिक कार्यकर्त्याच्या आणि संरक्षण अधिकाऱ्याच्या जागांना बहुधा एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी, मागतात. वकिलांना जशी सनद लागते तशी समाजकार्यात नाही, त्यामुळे आपल्या जागांवर इतर शाखांचेही अर्ज येतात, ही या क्षेत्राची जुनी दुखरी नस. २०२१ च्या संलग्न आरोग्य व्यवसायांच्या कायद्याच्या यादीत वैद्यकीय आणि मनोसामाजिक कार्यकर्त्यांचा समावेश झाला आहे. रुग्णालयाकडे कल असेल तर त्या दिशेच्या पात्रतेवर लक्ष ठेव. कायम सरकारी नोकरी हवी असेल तर ती शेवटी स्पर्धा परीक्षेतूनच, म्हणजे मामांच्या वाटेने, पण हातात बीएसडब्ल्यू घेऊन.

म्हणून एमएसडब्ल्यू करायचं हे मनात धरून चाल. नव्या रचनेत तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडता येतं, किंवा चौथं वर्ष करून ऑनर्स घेता येतं आणि मग पदव्युत्तर शिक्षण एका वर्षाचं होतं. ते तिसऱ्या वर्षाच्या शेवटी ठरव. टाटा संस्थेचं एमए डोक्यात असेल तर प्रवेश सीयूईटी पीजी या परीक्षेने होतो आणि तिथे इंग्रजी वाचन लागतं. त्याची सुरुवात रोज एका इंग्रजी वर्तमानपत्राच्या पानाने आत्ता केलीस तरच तेव्हा उपयोग.

मुलाखतीत पदवी सगळ्यांकडेच असते. फरक पडतो तो या गोष्टींनी: दुचाकीचा परवाना (मुलींच्या बाबतीत हे पहिलं विचारतात, पाड्यांवर दर तासाला बस नसते), एक्सेलमध्ये तक्ता करून बेरीज-टक्केवारी काढता येणं, मोबाइलवर सर्वेक्षण भरता येणं, आणि मराठीत एक पानाचा नेमका अर्ज लिहिता येणं. चोपडा, यावल, शिरपूरच्या सातपुड्याकडच्या पट्ट्यात किंवा नंदुरबारमध्ये काम करायचं असेल तर पावरी किंवा भिली ही आदिवासी बोली. वस्तीत दोन महिने बसून जेवढी कळेल तेवढी तरी. अहिराणी येणारी, पावरी समजणारी आणि स्कूटी चालवणारी बीएसडब्ल्यू मुलगी प्रकल्पांना शोधूनही मिळत नाही, हे आमचं मत धर.

पुढच्या वर्षी एजन्सी, म्हणजे क्षेत्रकार्याची संस्था, निवडायची संधी मिळाली तर आरोग्याबाहेर जा. बालगृह किंवा निरीक्षणगृह, जिल्हा रुग्णालय, पोलीस ठाण्याशी जोडलेलं महिला समुपदेशन केंद्र, बचत गटांचं काम, वनहक्क दाव्यांवर काम करणारी संस्था. तीन वर्षांत तीन वेगळ्या तऱ्हेच्या ठिकाणी गेलीस तरच एमएसडब्ल्यूला कोणतं विशेषीकरण घ्यायचं ते कळेल. ग्रामीण शिबिरात मात्र गल्ली झाडण्यात आणि भिंतीवर घोषणा रंगवण्यात आठवडा घालवू नका. गावकऱ्यांकडून जमिनीवर रांगोळीने गावाचा नकाशा काढून घ्या, खडू त्यांच्या हातात, तुम्ही फक्त विचारा.

खर्चाचं सुद्धा बघ. महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज भरलास का हे पत्रात नाही. प्रवर्गाप्रमाणे शिष्यवृत्ती आणि वसतिगृह न मिळाल्यास निर्वाहासाठीच्या योजना वेगवेगळ्या आहेत: अनुसूचित जातीसाठी स्वाधार, जमातीसाठी स्वयम, इतर मागास आणि भटक्या-विमुक्तांसाठी आधार. जात वैधता प्रमाणपत्र नसेल तर आजच अर्ज टाक, ते येईपर्यंत बाकीचं अडून राहतं. एसटीत महिलांना निम्मं भाडं आहे. रोजचा प्रवास असेल तर विद्यार्थी पास आणखी स्वस्त पडतो.

या आठवड्यात एवढंच कर. लाल शेरा असलेली दोन पानं घेऊन आयसीला जा आणि मॅडमना म्हण, 'यातली एक भेट मी पुन्हा लिहून आणली आहे, आता मी दिसते का बघा.' सोबत आराखड्याचं पान ठेव. त्या पानावर रजिस्टरात वारंवार गैरहजर दिसलेल्या घरांपैकी एका घराची खूण (खरं नाव नको) आणि पुढच्या भेटीची वेळ लिहिलेली असू दे, सकाळची.